घरच्यांसकट लायब्ररी : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

पुण्यातल्या आमच्या वाचनालयाचं मे महिन्याचं मुलांचं शिबिर संपलं, कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये "यशस्वी" असं लिहून झालं, चहा झाला. मुलं भरपूर आली होती हे खरंय. पण मी देवघेव रजिस्टर काढून बघितलं तर त्या सगळ्या मुलांपैकी एकाच्याही नावावर पुस्तक नाही, नवीन सभासद तर सोडाच. कारण सरळ आहे, शिबिर दुपारी तीन ते पाच, वरच्या हॉलमध्ये, आणि देवघेव काउंटर उघडतो संध्याकाळी साडेपाचला. म्हणजे मूल जिना चढलं, कागद चिकटवले, जिना उतरलं, पुस्तकाचं कपाट त्याला दिसलंच नाही. आणि आईबाबा खाली गाडीवर बसून मोबाईल बघतायत, नाहीतर मंडईत जाऊन भाजी घेऊन येतायत.

म्हणून नवीन प्रस्ताव दिला. महिन्यातले एक-दोन रविवार, सकाळी दहा ते साडेअकरा, त्या वेळात काउंटर चालू ठेवून. एकट्या मुलाला प्रवेश नाही, सोबत घरातलं कोणीतरी मोठं पाहिजे, आई बाबा आजी आजोबा मामा मावशी कोणी पण. फी नाही. आणि मुख्य म्हणजे मोठ्यांच्या हाताला काम पाहिजे, नुसतं खुर्चीवर बसून फोटो काढायचे नाहीत. खजिनदार काका म्हणाले, "मोठ्यांना काय करायचंय तिथे, त्यांना कोण शिकवणार?" मी म्हणलं काका तेच तर बघायचंय. "बघा मग, पण खर्च नको," यावर मंजूर झालं.

१४ जून

सोमवारी शाळा सुरू होतायत म्हणून आजच फळा लिहिला. "मुलाला सोडायला येऊ नका. बसायला या." ग्रंथपाल मॅडमना ते जरा उर्मट वाटलं, मी म्हणलं पुण्यात एवढं चालतं, पाटी आहे म्हणल्यावर लोक थांबून वाचतात तरी. शिपाई मामांनी तोच मजकूर कागदावर लिहून पलीकडच्या स्पेअर पार्टवाल्यांच्या गल्लीत दोन-तीन दुकानांत चिकटवला. आम्ही नाना पेठ आणि रास्ता पेठेच्या मधे, त्यामुळे इथले वाचक म्हणजे सगळं मिश्रण आहे, मराठी, गुजराती, मारवाडी, तमिळ, मुस्लिम घरं, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी. पण बालविभागाच्या सभासदांची यादी बघितली तर दोन वाड्यांतली आणि एका सोसायटीतलीच नावं.

फोन आले. पहिला प्रश्न फी किती, दुसरा सर्टिफिकेट मिळणार का. पुस्तकांबद्दल कोणीच विचारलं नाही, ठीक आहे.

२० जून

२२ चा कार्यक्रम रद्द, आता २९ ला. आज दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला, रविवारी सकाळी निघणार. आमच्या भागात या तीन दिवसांत दुसरा कुठलाही कार्यक्रम ठरवणारा माणूस पुण्याचा नसावा, आणि ही २२ तारीख कमिटीतल्या पक्क्या पेठेतल्या माणसानं सुचवली होती हे विशेष. मुक्तद्वार वाचनालय, म्हणजे कोणीही येऊन पेपर वाचायची खोली, उघडं ठेवलंय. वारकरी येऊन पेपर वाचतायत, मोबाईल चार्जिंगला लावतायत, एक आजोबा पंख्याखाली मस्त झोपले.

२९ जून, रविवार

पहिला. गोष्टीचा तास.

दहा-बारा घरं आली. त्यातले तीन बाबा होते, मला त्याचंच जास्त बरं वाटलं. पद्धत अशी ठेवली की स्टेजवरून कोणी गोष्ट सांगणार नाही, प्रत्येक घरानं आपापल्या कोपऱ्यात सतरंजीवर बसायचं, एक पुस्तक घ्यायचं आणि मोठ्यानं ते मुलाला वाचून दाखवायचं. दोनच सूचना दिल्या. एक, दर दोन-तीन पानांनी थांबून "आता काय होईल?" विचारायचं आणि मग गप्प बसायचं, मनात पाच म्हणेपर्यंत, उत्तर स्वतः द्यायचं नाही. दोन, मूल वाचत असेल तर मधे "नीट वाच" म्हणायचं नाही. पहिली सूचना सगळ्यांना जमली, दुसरी जवळपास कोणालाच नाही. एका आईनं तर पहिल्याच ओळीला तीनदा थांबवलं, मग मुलगा पुस्तक मिटून कॅरम कुठंय विचारायला लागला.

एक बाबा स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. दारातच म्हणाले की मला वाचायचं एवढं जमत नाही, तुमच्यातलं कोणी पोराला वाचून दाखवा, मी बसतो इथं. मॅडमनी त्यांना शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक दिलं, बाजाराचं चित्र आहे, खूप गर्दी, त्यात एका कोपऱ्यात स्कूटर. ते त्या स्कूटरपाशीच थांबले. "ह्याला केबलच दाखवली नाय बघ, ब्रेक लागंल कसा?" मुलगा म्हणाला की पाय लावून थांबतो तो माणूस. मग तो माणूस कुठून आला, गाडी कोणी बिघडवली, गॅरेजवाल्यानं किती घेतले, असं करत एकाच पानावर वीस मिनिटं. बाजूची दोन मुलं पण सरकून तिथं जाऊन बसली. मी नुसतं ऐकत होते. वाचता येणारे पालक पटापट पानं उलटून "झालं" म्हणत होते आणि हे अजून त्याच पानावर.

रास्ता पेठेतली एक तमिळ आई आली होती. स्टोरीवीव्हर म्हणून प्रथम बुक्सचं संकेतस्थळ आहे, तिथली गोष्ट मुक्त परवान्याखाली छापून घेता येते आणि तीच गोष्ट अनेक भाषांत मिळते, म्हणून आम्ही एकच गोष्ट तमिळ आणि मराठी दोन्हीत प्रिंट करून ठेवली होती. तिनं तमिळमध्ये वाचली, मुलीनं लगेच मराठीत आजूबाजूच्यांना सांगितली. आई म्हणाली, "घरी ती मला मराठीतच उत्तर देते, आज पहिल्यांदा आमचं तमिळ कोणाला तरी कामाला आलं."

जाताना काउंटरवर रांग. पण तिथे नवाच घोळ, मुलाचं वेगळं कार्ड, वेगळी अनामत, आणि मोठ्यांच्या कार्डावर बालविभागाचं पुस्तक मिळत नाही असा नियम निघाला! बहुतेक लोक परत गेले. स्पेअर पार्टवाले बाबा पण. हे सगळ्यात आधी सोडवायला पाहिजे.

१३ जुलै, रविवार

नंबरांची शोधाशोध. ग्रंथपाल मॅडमची आयडिया, त्यांना कधीपासून कोणालातरी वर्गीकरण समजावून सांगायचं होतं, सभासद तर कधी विचारत नाहीत. आमच्याकडे ललित साहित्य अकारविल्हे आणि बाकीचं ड्युई दशांश पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला नंबर, असं लावलंय. प्रत्येक घराला चिठ्ठी. ५२० खगोलशास्त्र, ५९८ पक्षी, ६४१.५ स्वयंपाक, ७९६ खेळ. मुलानं नंबर शोधायचा, मोठ्यानं फक्त वरच्या कप्प्यातलं काढून द्यायचं. मग त्या पुस्तकातून एक माहिती शोधून फळ्यावर लिहायची.

पाऊस होता तरी लोक आले. पण मला वाटतं आम्ही फार शाळा केली. नंबर सापडला की मुलं ओरडून पळत यायची आणि पुस्तक तिथेच टाकून पुढची चिठ्ठी मागायची. एकच आजी ६४१.५ पाशी थांबल्या, एक जुनं पाककृतीचं पुस्तक काढलं आणि नातीला म्हणाल्या की यात माप "शेर" मध्ये दिलंय, आता हे किलोत कर. ती नात बसली गणित करत. बाकी सगळं धावपळ.

पुढच्या वेळी चिठ्ठ्या कमी, प्रत्येक घराला एकच.

२७ जुलै, रविवार

पुस्तक दवाखाना. आजवरचा सगळ्यात चांगला रविवार, म्हणून सविस्तर लिहितेय.

बालविभागात एक आख्खं खोकं भरून फाटकी पुस्तकं पडलेली. पाठ सुटलेली, पानं निसटलेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेलोटेपनं "दुरुस्त" केलेली. ती टेप काही वर्षांत पिवळी पडते, टेप निघून येते आणि चिकटा कागदातच राहतो, त्याच्या खालची अक्षरं वाचता येत नाहीत. अप्पा बळवंत चौकाच्या मागे एक बाइंडर काका आहेत, लायब्ररीचं बाइंडिंग बरीच वर्षं तेच करतात, त्यांना बोलावलं. आधी नाही म्हणाले, "पोरांच्या हातात पुस्तक देणार? अजून फाडतील." म्हणलं आईबाप बसणारेत सोबत. तर म्हणे, "ते तर अजून फाडतील."

चिकटवायची खळ आमच्या पॅन्ट्रीतच केली. एक वाटी मैदा, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद गॅसवर सतत ढवळत, पांढरटपणा जाऊन जरा पारदर्शक दिसायला लागली की झाली. काका नेहमी त्यात मोरचूद घालतात, किडे-झुरळं लागू नयेत म्हणून, पण ते विषारी, मुलं बोटं चाटणार हे नक्की, म्हणून घातलं नाही. त्यामुळे ही खळ सकाळी करायची आणि त्याच दिवशी संपवायची. एका बाबांनी विचारलं की फेव्हिकॉल का नाही, एवढा खटाटोप कशाला. काका म्हणाले, "साहेब, फेव्हिकॉल वाळल्यावर पुढच्या माणसाला त्यात काय करता येत नाय. खळ लावलेलं पुस्तक मी ओल्या फडक्यानं परत सोडवू शकतो. पन्नास वर्षांनी कोणीतरी परत सोडवणार, त्याचा विचार करायचा."

मग पहिला अर्धा तास काकांनी नुसता वर्तमानपत्र फाडायला लावला. उभं फाडा, आता आडवं फाडा. उभं फाडलं तर सरळ रेषेत फाटतं, आडवं फाडलं की वाकडंतिकडं जातं. कागदाला दिशा असते, गिरणीत तयार होताना तंतू एका बाजूला झोपतात, आणि पाठीला कागद लावताना ती दिशा पाठीच्या उंचीला समांतर पाहिजे, नाहीतर खळ वाळताना पुस्तक लाटा मारतं. मोठे लोक हे ऐकताना जास्त रमले होते, एक आजोबा तर आख्खा पेपर संपेपर्यंत फाडत बसले, नातू म्हणतोय आजोबा बास. नंतर एक मोठा कागद तीनदा घडी घालून सोळा पानांचा फर्मा कसा होतो ते दाखवलं, मुलांनी पानांवर आकडे टाकले आणि उलगडून बघितलं तर आकडे उलटेसुलटे सगळीकडे विखुरलेले! यावर मुलं खूष, अर्ध्या मुलांनी परत परत घातली ती घडी.

प्रत्यक्ष दुरुस्ती : एका घराला एक पुस्तक, बास. फाटलेल्या पानाच्या चिरेवर पांढरा पातळ कागद, हातानं फाडलेली पट्टी, कात्रीनं कापलेली नाही, कारण फाटलेल्या कडेचे तंतू नीट बसतात आणि कड दिसत नाही. खळ अगदी थोडी. वर-खाली प्लॅस्टिकचा कागद घालून वजनाखाली ठेवायचं. वजन म्हणून कुणीच वाचत नाही असे जाडजूड अहवाल वापरले, त्यांचा शेवटी उपयोग झाला.

स्पेअर पार्टवाले बाबा आले होते. यांचा हात असला बसला की काकांनी स्वतःची सुई त्यांच्या हातात दिली, निसटलेला फर्मा शिवायला. कार्बुरेटर उघडणाऱ्या माणसाला बारीक काम काय सांगायचं. मुलगा दोरा धरून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हे आम्ही करतोय."

प्रत्येक दुरुस्त पुस्तकाच्या आत मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि घराचं नाव लिहिलं. पुस्तकं आठवडाभर दाबून ठेवायची, मग पहिला वाचायचा हक्क ज्यानं दुरुस्त केलं त्याचा. कार्ड असो नसो, मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर दिली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ग्रंथपाल दिन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती, १८९२ चा जन्म. दरवर्षीप्रमाणे फोटोला हार, पेढे, अध्यक्षांचं भाषण. अध्यक्षांनी रंगनाथनांचे १९३१ चे पाच सिद्धांत वाचून दाखवले, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक वगैरे, आणि सगळे माना डोलावत होते म्हणून मी तिथेच कुटुंब कार्डाचा अर्ज पुढे केला. वेळ साधली म्हणा.

प्रस्ताव : एका घराला एक कार्ड, एकच अनामत, एका वेळी चार पुस्तकं, त्यात बालविभागाची किती आणि मोठ्यांची किती हे घरानं ठरवायचं. घरातलं कोणीही येऊन बदलू शकेल.

वाद झालाच. खजिनदार काकांचं म्हणणं, पुस्तकं हरवली तर अनामत पुरणार नाही, आणि सरकारी तपासणीला आले की दाखल रजिस्टरप्रमाणे (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची त्यात नोंद असते) पुस्तक दाखवावं लागतं, अनुदानाचा प्रश्न आहे. त्यांचं अगदीच चूक नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमच्यासारख्या वाचनालयांना अ ब क ड असा वर्ग मिळतो आणि अनुदान त्या वर्गावर, त्यामुळे रजिस्टर हा इथे श्वास घ्यायच्या आधी भरायचा विषय आहे. पण मग मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, मागच्या खोलीत कुलूपबंद कपाटात कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेली मुलांची पुस्तकं आहेत, शिक्का मारून ठेवलीत, हरवली नाहीत एकही, पण वाचली पण नाहीत कोणी. यांचा वाचक कोण? शांतता. मग दिवाळीपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर, असं ठरलं. आमच्याकडे काहीही पास करायचं असेल तर हा शब्द लागतोच.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती बसतायत. बऱ्याच जणांनी विचारलं की शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा का नाही. मुद्दाम नाही घेतली. ती सगळीकडे आहे, शाळेत, सोसायटीत, मंडळात, आणि वर त्याचा पुस्तकांशी संबंध लावायचा म्हणजे ओढूनताणून. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, तोपर्यंत सुट्टी. कुटुंब कार्डं घ्यायला मात्र लोक येतायत. स्पेअर पार्टवाल्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात घेतलं, बायकोसाठी पाककृती, मुलासाठी दोन चित्रांची, आणि स्वतःसाठी काय तर मराठीतून मोटार मेकॅनिकचं पुस्तक. ते सापडायला मॅडमना कपाटावर चढावं लागलं.

१४ सप्टेंबर, रविवार

उलटा वर्ग. नातवंडं शिकवणार, आजीआजोबा शिकणार, विषय मोबाईल.

अपेक्षा होती की व्हिडिओ कॉल, गुगल मॅप असलं विचारतील. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच पाहिजे होतं : बोलून मराठीत टाइप कसं करायचं. ते एकदा जमल्यावर हॉलमध्ये नुसता गोंधळ, प्रत्येक जण फोनशी मोठ्यानं बोलतोय. एका आजोबांनी "चिंचेच्या तालमीपाशी" म्हणलं तर फोननं तालमीचं काहीतरी भलतंच लिहिलं, त्यावर त्यांनी फोनला झापलं.

मग ठगांचा विषय. पोलिस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर धमकावणं, "डिजिटल अरेस्ट" म्हणणं, हा प्रकार आता सगळ्यांनी ऐकलाय, पण कायद्यात असली अटक नसतेच हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. हा नंबर मुलांनी आजीआजोबांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. मग जोडीजोडीनं नाटक, नातू ठग, आजी फोन घेणार. एक आजी इतक्या भारी, ठगालाच विचारत बसल्या तुझं लग्न झालंय का, कुठल्या गावचा, आईला माहितीये का तू हे करतोस ते. नातू हसून हसून आडवा.

लहान मुलं असलेली घरं आज कमी आली, ते स्वाभाविकच.

२८ सप्टेंबर, रविवार

भोंडला. हे मी आधी टाळत होते, भोंडलापण सगळीकडे असतो म्हणून, पण मॅडम म्हणाल्या आपण खेळूया पण नोंदूया. पाटावर हत्ती काढला, फेर धरला, खिरापत ओळखली (कोणालाच ओळखता आली नाही, गुजराती काकूंनी हांडवो आणला होता). आणि त्यानंतर मुलांनी वह्या घेऊन एकेका आजीसमोर बसायचं आणि त्यांना येतं तसं गाणं उतरवून घ्यायचं. एकाच गाण्याची कोकणातल्या आजींची, सोलापूरच्या आजींची आणि खास सदाशिव पेठी आजींची ओळ वेगळी, आणि तिघींनाही आपलीच बरोबर याची खात्री. चांगलं खडाजंगी भांडण झालं. मुलांनी ते पण लिहून घेतलंय.

बाबा लोक आज काय करणार असं वाटलं होतं, तर त्यांनी खुर्च्या लावल्या, खिरापत वाटली आणि दोघे फेरात पण शिरले.

वह्या बालविभागात ठेवल्यात, दाखल रजिस्टरला नंबर टाकून. खजिनदार काकांनी विचारलं किंमत काय लिहू. शून्य लिहायला रजिस्टरमध्ये सोय नाही म्हणे, म्हणून "भेट" लिहिलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी अंक योजनेची मीटिंग. दरवर्षी एकरकमी पैसे भरून सभासद सगळे अंक फिरवून वाचतात, लायब्ररीची मोठी कमाई त्यातूनच. पण मुलांचे दिवाळी अंक या योजनेत नसतात, बालविभागाचे सभासदच कमी म्हणून मागवतच नव्हतो. आता कुटुंब कार्डवाले विचारतायत की आमच्या योजनेत मुलांचे अंक आहेत का. सध्या एवढं ठरलंय की एका कार्डावर एका वेळी एक मोठ्यांचा आणि एक मुलांचा अंक मिळणार. किती अंक घ्यायचे ते उद्या अप्पा बळवंत चौकात जाऊन बघणार. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचा अंक तर घ्यायचाच, त्याचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात हेही फळ्यावर लिहायचंय, कोणालाच माहीत नाही.

अंक पहिल्याच फेरीत फाटतात हा खजिनदारांचा जुना मुद्दा. त्यावर स्पेअर पार्टवाले बाबा, जे आज अंक योजनेचे पैसे भरायला आले होते, काउंटरवरूनच म्हणाले की पिना काढून शिवून घेऊ की, एका रविवारी बसू सगळे. बाइंडर काकांना विचारलं, ते म्हणाले अंक आल्या आल्या कव्हर घालायच्या आधी द्या, नंतर नको.

पंधरा तारखेला वाचन प्रेरणा दिन आहे, बुधवार, शाळांचा ग्रुप येणार, त्यात आमचा काही भाग नाही. अंक शिवायचा रविवार १९ ला, वसुबारस-धनत्रयोदशी होऊन गेलेली असेल, लोक फराळात, तरी ठेवतोय. आणायचं : जाड दोरा, सुया डझनभर, मेण, मैदा. मोठी पातेली मागच्या वेळी मामांनी घरी नेली होती ती परत आणायला सांगणे.